मावशी, हात वर करा

मी कस्टममध्ये होते असं सांगितलं की लोकांचे डोळे चमकतात. त्यांना सोन्याची बिस्किटं, चपलांच्या टाचेत लपवलेले हिरे असलं काहीतरी ऐकायचं असतं. माझी नोकरी त्या मानाने फार साधी होती. हुद्दा होता लेडी सर्चर. परदेशातून विमानाने आलेल्या बायकांपैकी ज्यांचा साहेबांना संशय येई, त्यांना पडद्याआड नेऊन त्यांची अंगझडती घ्यायची. साहेब पुरुष, म्हणून बाईच्या अंगाला हात लावायला बाई हवी. ती बाई मी.

ही नोकरी मला सत्तरच्या दशकाच्या शेवटी लागली. आम्ही तेव्हा नुकतेच वाशीला राहायला आलो होतो. सिडकोची दोन खोल्यांची जागा, खिडकीतून खाडीचा वास, आणि संध्याकाळी वीज गेली की डासांचं राज्य. माझे यजमान ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका कारखान्यात होते. मी बस पकडून खाडीपूल ओलांडायचे आणि आणखी एक बस बदलून विमानतळावर पोचायचे. खाकी साडी नेसून निघाले की शेजारपाजारच्या बायका आदराने बाजूला सरकायच्या. आमची सगळी वस्ती रत्नागिरी आणि मराठवाड्याकडून आलेल्या बौद्ध कुटुंबांची. सरकारी नोकरीतली बाई म्हणजे तिथे मोठी गोष्ट होती.

धंद्याची थोडी माहिती सांगते, म्हणजे पुढचं कळेल. त्या काळी परदेशातून येताना प्रत्येकाला काय आणि किती आणता येईल याचे नियम होते. सोनं, घड्याळं, टेपरेकॉर्डर यांचे नियम सतत बदलायचे. तंबाखूचा मात्र आम्हाला पाठ झाला होता. दोनशे सिगारेटी, किंवा पन्नास सिगार, किंवा अडीचशे ग्रॅम तंबाखू. यातलं काहीही एक फुकट, त्यावर गेलात की जकात. हॉलमधली निम्मी भांडणं त्यातल्या ‘किंवा’वरून व्हायची. लोक त्या ‘किंवा’चा ‘आणि’ करून तिन्ही वस्तू घेऊन यायचे आणि वर आम्हालाच कायदा शिकवायचे.

एक गृहस्थ मला अजून आठवतात. सूट, टाय, सोन्याच्या कडांचा चष्मा. सिगारेटची एक पेटी जास्तीची निघाली. जकात भरा म्हटल्यावर ते भडकले. “सरकारला एक पैसा देणार नाही,” म्हणाले आणि पेटी फोडून रांगेतल्या लोकांना पाकिटं वाटायला लागले. त्या काळी हॉलमध्ये सिगारेट ओढायला बंदी नव्हती. बघता बघता सगळी रांग धूर सोडत उभी. आमच्या साहेबांनीही एक घेतली. शेवटी त्या गृहस्थांच्या हाती स्वतःला ओढायला त्यातलं काही उरलं नाही, पण चेहऱ्यावर लढाई जिंकल्याचा आनंद होता.

असे किस्से मी खूप सांगायचे. लग्नाला, बारशाला, बसमध्ये. पडद्यामागे काय चालायचं ते मात्र सांगत नसे. तिथे यायच्या त्या सूटवाल्यांच्या बायका नव्हेत. आखातात आया म्हणून, स्वयंपाकीण म्हणून राबून परतलेल्या बायका यायच्या. निघताना एजंट त्यांच्या गळ्यात काहीतरी मारायचा, “एवढं घेऊन जा, बाहेर माझा माणूस घेईल,” म्हणायचा. मग परकराच्या आत शिवलेल्या खिशातून सिगारेटची पाकिटं निघायची. बाई रडायची. मी पंचनाम्यावर सही करून हात धुवायचे आणि पुढचीला बोलवायचे. मला त्यात काही वाटत नव्हतं असं नाही. पण नोकरी म्हणजे नोकरी, असं मी स्वतःला बजावायचे. शिवाय मी कधी कुणाशी उर्मट वागले नाही. प्रत्येकीला ‘मावशी’ म्हणायचे. “मावशी, हात वर करा. मावशी, पदर बाजूला घ्या.” हे माझं सौजन्य, अशी माझी समजूत होती.

आमची आई आमच्याकडेच वाशीला असायची. वडील लवकर गेले, तिने खाडीकाठच्या गावात दुसऱ्यांची भातं लावून आम्हा दोघांना शिकवलं. मी आणि धाकटा विलास. विलास आयटीआय करून वायरमन झाला, उरणकडच्या एका बांधकामावर काही वर्षं काढली आणि तिथूनच आखातात गेला. त्याची बायको प्रभा, तीही तिकडच्या इस्पितळात नर्स. दोघांचं छान चाललं होतं. प्रभाला दिवस गेले तेव्हा विलासने आईसाठी व्हिसा काढला. आई एकटी कशी जाणार, म्हणून माझाही काढला. मी रजा टाकली.

आईचं आमच्या वस्तीत मोठं वजन होतं. शाळेचं तोंड न पाहिलेली बाई, पण विहारात वंदना तीच सांगायची. महिला मंडळात नव्या सुनांना समोर बसवून पंचशीलाचा अर्थ समजावून द्यायची. त्यातलं पाचवं शील नशापाण्याविषयीचं. त्यावर तिचा फार जोर. दारू तर सोडाच, तंबाखू, मिश्री यांनाही ती हात लावू देत नसे. गावाकडे असताना ती स्वतः मिश्री लावायची हे मला माहीत होतं. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि बोटाने दातांना घासत बसायची. आमच्याकडच्या सगळ्याच बायका लावत. पण “वाशीला आल्यावर मी सोडली,” असं ती चारचौघींत सांगायची, आणि मीही ते खरं धरून चालले होते.

ती सुटलेली नव्हती. आमच्या सेक्टरमध्ये जासईहून हौसाबाई नावाची मासळीवाली यायची. टोपली रिकामी झाली की ती इमारतीमागच्या सावलीत बसायची आणि आई तिच्याशी गप्पा मारायला जायची. मला वाटायचं, दोघी म्हाताऱ्या सुखदुःखाचं बोलतात. बोलत होत्याच, पण त्या बोलण्याबरोबर मिश्रीही चालायची. आई परदेशी निघाली तेव्हा हौसाबाईनेच तिला मूठभर ताजी मिश्री भाजून, कापडाच्या पुरचुंडीत बांधून दिली. “आजी, तिकरं मिलनार नाय. घेऊन जा,” म्हणाली. हे सगळं मला नंतर कळलं.

आम्ही सकाळच्या विमानाने निघालो. आईने नवं हिरवं लुगडं नेसलं होतं. विमानात ती खिडकीला नाक लावून बसली आणि ढग दिसायला लागल्यावर माझा हात धरून म्हणाली, “सुमे, तुझ्या बाबांना हे दाखवायला हवं होतं.” माझ्याही मनात तेच आलं होतं.

उतरलो त्या देशाचं नाव मी सांगत नाही. तिथल्या लोकांनी आपलं काम केलं, नावं ठेवावीत असं काही केलं नाही. बॅगा घेऊन आम्ही कस्टमच्या रांगेत लागलो. मला गंमत वाटत होती. पहिल्यांदाच मी टेबलाच्या त्या बाजूला होते. मी आईला कानात सांगत होते, बघ, तो उंच माणूस साहेब, ती काळा झगा घातलेली बाई माझ्यासारखी. आणि बोलता बोलता माझं आईकडे लक्ष गेलं. तिचा उजवा हात कमरेवर होता. निऱ्या खोचतात तिथे, लुगड्याच्या केळांपाशी, दाबून धरलेला.

आमच्या कामात शिकवतात ती पहिली खूण हीच. माणसाने अंगावर काही लपवलं असेल तर त्याचा हात नकळत तिथे जातो. मी अशा शेकडो बायका हात बघून ओळखल्या होत्या. आईचा हात मी पाहिला आणि मनात म्हटलं, कंबर दुखत असेल, इतका वेळ बसून आलीय. त्या काळ्या झग्यातल्या बाईनेही तो हात पाहिला होता. ती तिचं काम चोख जाणत होती. तिने आईला बोटाने बाजूला बोलावलं.

मी पुढे झाले. माझं ओळखपत्र काढलं, इंग्रजीत सांगितलं की मी भारतात कस्टममध्येच आहे, ही माझी आई आहे. त्या बाईने ओळखपत्र नीट वाचलं. मान हलवली आणि शांतपणे म्हणाली, “मग तुम्हाला माहीतच आहे. तुम्हीही आत या, त्यांना भाषा समजावून द्यायला.”

आत एक छोटी खोली. पडदा, एक खुर्ची, एक टेबल, भिंतीवर मोठं घड्याळ. आमच्याकडच्यासारखीच. त्या बाईने पडदा ओढला.

“काय म्हणतेय ती?” आईने विचारलं.

“लुगडं सोडायला सांगतेय.”

“कुणाला?”

“तुला, आई.”

“तू सांग की तिला, तू कस्टमात हाईस म्हणून.”

“सांगितलं.”

“मग?”

ती बाई वाट बघत उभी. आई माझ्याकडे बघतेय. काहीतरी बोलायला हवं होतं, आणि तोंडातून आपोआप बाहेर पडलं ते रोजचं वाक्य. रोजच्याच आवाजात.

“मावशी, हात वर करा.”

बोलले आणि मीच हादरले. स्वतःच्या आईला मी मावशी म्हटलं होतं. आईने दोन्ही हात वर केले. भात लावून लावून वाकडी झालेली तिची बोटं डोक्यावर ताठ होत नव्हती. त्या बाईने कमरेला हात लावला आणि पुरचुंडी काढली.

गाठ सोडली तर आत काळी पूड. मी ती पाहताक्षणी ओळखली, वासानेच ओळखली. पण त्या बाईने ओळखायचं काही कारण नव्हतं. म्हातारीच्या कमरेला लपवलेली काळी पूड म्हणजे तिला एकच गोष्ट सुचणार. तिचा चेहरा एकदम कडक झाला. तिने बाहेर हाक मारली. आईने घाईघाईने लुगडं सावरलं तोवर तो उंच साहेब आत आला, त्याच्यामागे दारात आणखी एक जण. मी सांगत सुटले, “टोबॅको आहे, टोबॅको. दातांना लावायची.” साहेब म्हणाला, “दातांना? तंबाखू?” आणि पुरचुंडी प्लास्टिकच्या पिशवीत घालायला लागला. तपासायला पाठवावी लागेल, तोवर इथेच थांबावं लागेल, असं त्याने सांगितलं. त्या देशात नशेच्या मालाला किती कडक शिक्षा आहे हे मला कामामुळे माहीत होतं.

“काय झालं गं?” आई म्हणाली.

“त्यांना वाटतंय अफू-गांजासारखं काहीतरी आहे.”

“अफू?” आईचा आवाज चढला. “मी पंचशील घेतलेली बाई हाय! दे इकडं. दाखवते त्यांना.”

मी अडवायच्या आत तिने साहेबाच्या हातातल्या पिशवीत बोटं घातली, चिमूट उचलली आणि दातांना घासायला सुरुवात केली. तिघं बघत राहिले. आई मन लावून घासत होती, आधी वरचे दात, मग खालचे, मग हिरड्या. ओठ काळे झाले. तोंड भरलं आणि थुंकायला जागा नाही. ती गाल फुगवून इकडेतिकडे बघायला लागली. दारातला माणूस हसला. मग साहेब हसला. त्या बाईने कचऱ्याची टोपली पुढे केली, आई थुंकली आणि तिघंही मोकळेपणी हसायला लागले.

त्यांच्या हसण्यात वाईट काही नव्हतं. संकट टळलं होतं, मला हायसं वाटायला हवं होतं. पण तोंड काळं झालेली माझी आई त्या लोकांच्या मधे उभी होती, आणि मला ती माझी नसती तर बरं झालं असतं असं वाटून गेलं. ते एवढंसं वाटणं मला आजही खातं.

साहेबाने पूड हुंगली, बोटावर घेऊन पाहिली आणि पुरचुंडी परत दिली. मला विचारलं, “तुमच्याकडे तंबाखूची मर्यादा किती?”

“अडीचशे ग्रॅम.”

“इथेही तंबाखू आणायला बंदी नाही. ही तर मूठभरसुद्धा नाही. नुसती बॅगेत ठेवली असती तर कुणी विचारलं नसतं. लपवली कशाला?”

मी आईला विचारलं. आई खाली बघत हळूच म्हणाली, “पोराला आन् सुनेला कळू नये म्हणून.”

मी ते इंग्रजीत सांगितलं. काळ्या झग्यातल्या बाईचं हसू थांबलं. तिने आपल्या पर्समधून रुमाल काढला आणि आईचे ओठ पुसले. पुरुष बाहेर गेल्यावर लुगड्याचे सुटलेले काठ तिला कसे धरायचे ते कळत नव्हतं, तरी आई कासोटा घालेपर्यंत ती एक टोक धरून उभी राहिली.

बाहेर विलास काचेमागे येरझाऱ्या घालत होता. “इतका वेळ? सगळे निघून गेले की!”

आईने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “माझ्या बॅगेचा घोळ झाला. मसाल्याच्या पुड्या उघडून बघत होते.”

“कस्टमवालीलाच कस्टमने धरलं!” विलास खो खो हसला. तिथल्या मुक्कामात त्याने हा किस्सा आपल्या प्रत्येक मित्राला सांगितला. मी प्रत्येक वेळी सगळ्यांबरोबर हसले.

प्रभाला मात्र फसवता आलं नव्हतं. नर्सच ती. एकदा भाजी चिरताना मला म्हणाली, “ताई, आईंच्या हिरड्या मी पहिल्या दिवशीच पाहिल्या. मला सांगायची त्यांना लाज वाटते, तर मी विषय काढत नाही. पण त्यांना म्हणावं, कमी करा. आणि न्हाणीघरात कोंडून घेऊन लावू नका, पाय घसरेल.” मी आईला तसं सांगितलं. आई तोंड फिरवून बसली. त्यानंतर तिने त्या घरात मिश्री लावली नाही. डोकं दुखायचं, चिडचिड व्हायची. नातू झाला, त्याला मांडीवर घेऊन बसली तेव्हा कुठे ती निवळली.

आम्ही परत आलो. मी कामावर रुजू झाले. पडद्याआड पहिली बाई आली तेव्हा ‘मावशी’ हा शब्द तोंडातून निघेना. ‘बाई’ म्हटलं. बाकी सगळं होतं तसंच चाललं. आई मला काही बोलली नव्हती, मीही तिला काही बोलले नव्हते. दोघींनी ते मिटवून टाकलं असं मी धरून चालले होते.

मग एका सुट्टीच्या दुपारी मी स्वयंपाकघरात भांडी लावत होते. खिडकीखाली, इमारतीमागच्या सावलीत हौसाबाई आणि आई बसल्या होत्या. आई तिला ती सगळी हकीकत सांगत होती, कचऱ्याच्या टोपलीत थुंकल्याचं हातवारे करून. हौसाबाईला हसू आवरत नव्हतं. आईही हसत होती. मला बरं वाटलं. आईने ते मनाला लावून घेतलेलं नाही, म्हटलं.

“पन आजी,” हौसाबाई म्हणाली, “तुजी पोर होती ना तिकरं? मंग तुला कसलं भ्याव?”

आईचं हसणं थांबलं. “होती की. पण माझी झडती चालली तेव्हा ती भिंतीकडं बघत होती गं. त्या परक्या बाईनं माझ्या तोंडाकडं बघून इचारलं, दुखतंय का, खुनेनं. पाणी देऊ का म्हणाली. माझी पोरगी घड्याळाकडं बघत उभी.”

हौसाबाईने तिच्यापुढे मिश्री सरकवली.

मी हातातलं पातेलं आवाज न करता खाली ठेवलं. आईचं खरं होतं. आणि ते फक्त त्या दिवसापुरतं नव्हतं. झडती घेताना मी नेहमीच भिंतीकडे बघायचे. कामाला लागले तेव्हा मीच ठरवलं होतं, बाईची लाज आपण डोळ्यांनी वाढवायची नाही. हात आपलं काम करतील, नजर दुसरीकडे ठेवायची. मला त्याचा अभिमान होता. त्या बायांना काय वाटत असेल ते मी कधी त्यांच्या चेहऱ्यावर वाचलंच नव्हतं.

आईला जाऊन आता बरीच वर्षं झाली. मी पुढे अर्ज करून ऑफिसातल्या टेबलावर बदली घेतली आणि तिथूनच निवृत्त झाले. कधी दुपारी एकटी असले की त्या पडद्यामागच्या बाया आठवायचा प्रयत्न करते. लुगड्यांचे, साड्यांचे रंग आठवतात. काचेच्या बांगड्या आठवतात. वर केलेल्या हातांवरचे भाजल्याचे, कापल्याचे व्रण आठवतात. एकीच्या दंडावर नवऱ्याचं नाव गोंदलेलं होतं, ते नावसुद्धा आठवतं. चेहरा एकीचाही आठवत नाही.